गुरगुरण्याच्या बाजूने

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची रांग लागली होती आणि रांगेत कुत्र्यांचा विषय निघाला. लखनौच्या मराठी घोळक्यात दोन तऱ्हेची माणसं हमखास भेटतात. एक चौकातले गलाईवाले, खानापूर-आटपाडीकडून येऊन सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणारे. दुसरे आम्ही छावणीतले, फौजेच्या बदल्यांनी इथे येऊन पोचलेले. माझ्या पुढे साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार मेजर उभे होते. तेलीबागेत घर बांधून इथेच स्थायिक झालेले, शब्दाला वजन असलेले गृहस्थ. ते म्हणाले, "वहिनी, साधी गोष्ट आहे. कुत्रा गप्प असला की सुखात आहे समजायचं. जो गुरगुरतो त्याला वेळीच दोन ठेवून द्यायच्या. फौजेतली कुत्री बघा, हूं की चूं करत नाहीत."

आजूबाजूच्या सात-आठ जणांनी माना डोलावल्या. माझ्या हातात प्रसादाचा द्रोण होता, मागे रांग होती, आणि मी काही बोलले नाही. ते न बोलणं मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. मेजरसाहेबांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्यांच्या बोलण्यातलं एकेक वाक्य चुकीचं आहे आणि त्याची किंमत कुत्रीही मोजतात, लहान मुलंही मोजतात. म्हणून हे लिहिते आहे.

जुलै २०२२ मध्ये आमच्या याच शहरात, कैसरबागेत, घरात पाळलेल्या पिटबुलने केलेल्या हल्ल्यात ८२ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका गेल्या. नगर निगमच्या पथकाने कुत्रा ताब्यात घेऊन निरीक्षणाखाली ठेवला. त्या दिवसांत सदर बाजारात भाजी घेताना, पोळ्यांचं पीठ दळून आणताना माझ्या कानावर दोनच गोष्टी पडत होत्या. जातच तशी, ही एक. आणि दुसरी, अचानक उलटला. पुढे १२ मार्च २०२४ ला केंद्र सरकारने २३ जातींवर बंदी घालायला सांगणारं परिपत्रक काढलं आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. जातीला काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. जबडा मोठा आणि अंगात ताकद असेल तर चावा जिवावर बेततो, आणि असा कुत्रा बाळगणाऱ्याची जबाबदारी तेवढीच मोठी. पण जातीच्या यादीवरून चावा किती खोल जाईल याचा अंदाज येतो. समोरचा कुत्रा आत्ता, या क्षणी, कसा आहे हे यादी सांगत नाही. ते कुत्रा स्वतः सांगतो.

आणि 'अचानक' हा शब्द तर माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. मी तो वापरलेला आहे.

आमचा खंड्या गावठी. कमांड हॉस्पिटलकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पावसात भिजत बसलेलं पिल्लू माझ्या नवऱ्याने खिशातल्या रुमालात गुंडाळून आणलं होतं. नऊ वर्षांचा होईपर्यंत त्याने कुणाला नख लावलं नाही. मग एका हिवाळ्यात आंघोळीनंतर मी त्याचं अंग टॉवेलने पुसत असताना, हात कमरेजवळ गेला तसा तो गुरगुरला. हलकंच, घशातल्या घशात. मला राग आला. ज्याला रुमालातून आणला तो माझ्यावरच गुरगुरतो? मी त्याच्या नाकाडावर चापट मारली आणि 'खबरदार' म्हणून ओरडले. पुढच्या खेपेला पुन्हा गुरगुरला, पुन्हा चापट. तिसऱ्या खेपेपासून तो गप्प. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी अभिमानाने सांगायचे, बघा, दोन दिवसांत वळण लागलं.

त्यानंतरच्या चार महिन्यांत खंड्याने जे जे केलं ते सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आणि एकही गोष्ट वाचली नाही. तो पलंगावर उडी मारेनासा झाला. मी म्हटलं, शहाणा झाला. व्हरांड्याच्या तीन पायऱ्या तो एकेक करून, जरा तिरका होऊन उतरू लागला. मी म्हटलं, वय झालं. बसल्या जागेवरून उठताना आधी पुढचे पाय टेकायचा, थांबायचा, मग मागचं अंग ओढून घ्यायचा. घंटी वाजली की दाराशी धावणारा कुत्रा जागेवरून नुसते कान उभे करायचा. आणि कुणी पाठीवर हात ठेवला की तोंड दुसरीकडे फिरवून जिभेने एकदा भर्रकन ओठ चाटायचा. समोर खाणं नसताना. हे शेवटचं मला गोड वाटायचं. मी त्याचा फोटोही काढून ठेवला आहे.

मे महिन्यात माझी सात वर्षांची भाची सुट्टीला आली. दुपारी खंड्या कूलरसमोर झोपला होता. तिने मागून येऊन त्याच्या अंगावर ओणवं होत मिठी मारली. तो वळला आणि तिच्या मनगटावर दात उमटले. दोन ठिकाणी रक्त आलं. मी ओरडले, "अचानक काय झालं याला?"

जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुतली, दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं सुरू केली. खंड्याला रेबीजची लस वर्षाच्या वर्षाला दिलेली होती, तरीही धोका पत्करला नाही, आणि पत्करूही नये. दुसऱ्या दिवशी खंड्याला डॉक्टरांकडे नेलं. क्ष-किरण फोटोत त्याचे दोन्ही खुबे झिजलेले दिसले. डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी गुरगुरला होता का? मी हो म्हटलं. मग काय केलंत, असं त्यांनी विचारलं आणि मी खाली बघितलं.

कुत्रा गुरगुरतो तेव्हा तो सांगत असतो की दुखतंय, भीती वाटते, जवळ येऊ नको. चावा टाळण्यासाठी त्याच्याजवळ असलेलं ते जवळजवळ शेवटचं साधन. त्याआधीच्या पायऱ्या आणखी हळू असतात: तोंड वळवणं, ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, अंग ताठ होणं, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दिसणं. नॉर्वेच्या तुरिद रुगास या बाईंनी आयुष्यभर कुत्री पाहून अशा खुणांवर लिहिलं आणि जगभरच्या कुत्रेवाल्यांना त्या बघायला शिकवलं. आपण गुरगुरण्यावर मारतो तेव्हा दुखणं तिथेच राहतं, भीतीही राहते, उलट वाढते. जाते ती फक्त सूचना. मग एक दिवस कुत्रा सूचना न देता चावतो आणि आपण 'अचानक' म्हणतो. भाचीच्या मनगटावरचे ते दात माझ्या चापटीतून उमटले होते. मेजरसाहेब, 'दोन ठेवून द्यायच्या' या उपायाचा शेवट मी माझ्या घरात पाहिला आहे.

आता फौजेतल्या कुत्र्यांविषयी. हा दाखला मेजरसाहेबांनी त्यांच्या बाजूने दिला. मला वाटतं तो माझ्या बाजूचा आहे. मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात तयार होणारा कुत्रा आणि त्याचा हँडलर ही जोडी असते. तोच त्याला खायला घालतो, फिरवतो, रोज अंगावरून ब्रश फिरवतो, पंजे उचलून बघतो, कान तपासतो. २०१६ च्या प्रजासत्ताक दिनी २६ वर्षांनंतर लष्कराची कुत्री राजपथावरून चालली, तेव्हा त्यांची शिस्त सगळ्या देशाने पाहिली. त्या शिस्तीमागचा माणूस मात्र कुणाच्या लक्षात आला नाही. स्फोटकं हुंगणारा कुत्रा माग लागला की भुंकत नाही, उकरत नाही, तो गुपचूप बसतो. पण बसण्याच्या आधीच त्याच्या श्वासाची लय बदलते, शेपटीची चाल बदलते, मान एका बाजूला खेचली जाते. चांगला हँडलर हे क्षणात ओळखतो. त्याच्या आणि मागून येणाऱ्या जवानांच्या जिवाचा भरवसा त्या ओळखण्यावर असतो. म्हणजे कुत्र्याचं रोजचं वागणं वाचणं ही काही हौशी बायकांची लाडीगोडी नाही. फौजेत ते काम आहे. फौजेतला कुत्रा गप्प असतो कारण त्याचं न भुंकताही ऐकलं जातं. व्हरांड्यात साखळीला बांधलेला कुत्रा गप्प होतो कारण भुंकून काही उपयोग नाही हे त्याला कळून चुकलेलं असतं. या दोन गप्प बसण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हे मेजरसाहेबांसारख्या फौजी माणसाने तर माझ्या आधी सांगायला हवं होतं.

रांगेतल्या एका काकूंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या कुत्र्याला सगळं कळतं, चप्पल फाडली की तो स्वतःच कान पाडून कोपऱ्यात बसतो, म्हणून शिक्षा केली की त्याला पटतेच. हे मी शंभर घरांत ऐकलं आहे. न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोवित्झ यांनी २००९ मध्ये १४ पाळीव कुत्र्यांवर याचाच तपास केला. मालकाने खाऊला तोंड लावू नको असं सांगून खोलीबाहेर जायचं. मागे काही वेळा कुत्र्याला खाऊ मिळायचा, काही वेळा नाही, आणि परतलेल्या मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. दिसलं असं की ते अपराधी तोंड खाऊ खाण्या-न खाण्यावर अवलंबूनच नव्हतं. मालक रागावला की ते यायचं. ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांच्या चेहऱ्यावर ते सगळ्यांत जास्त उमटलं. कान पाडणं, नजर चुकवणं, अंग चोरणं या भीतीच्या आणि मनधरणीच्या खुणा आहेत. काकूंचा कुत्रा चपलेचा विचार करत नसतो. तो काकूंच्या आवाजाचा विचार करत असतो.

मग कुणीतरी लांडग्यांवर आलं. कुत्रा म्हणजे लांडगा, टोळीत एक म्होरक्या असतो, तो म्होरक्या आपण व्हायचं, दाबून ठेवायचं. या समजुतीचं मूळ १९४७ सालच्या एका अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले लांडगे पाहिले. एकमेकांशी नातं नसलेली जनावरं एका आवारात टाकली की ती भांडणारच. अमेरिकेच्या डेव्हिड मीच यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकातून तो विचार जगभर पोचवला. पुढे वर्षानुवर्षं मोकळ्या रानातले लांडगे पाहिल्यावर त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की टोळी म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. ज्यांनी म्होरक्याची गोष्ट पसरवली त्यांनीच ती मागे घेतली. आमच्या कॉलन्यांमधून मात्र अजून तीच गोष्ट सांगून पिल्लांना उताणं पाडून दाबून धरतात.

आणि आपल्या म्हणी. भुंकणारा कुत्रा चावत नाही, या म्हणीवर विसंबून मी मुलांना भुंकणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर जाताना पाहिलं आहे. भुंकणारा कुत्राही चावतो. शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे, हाही तसाच भ्रम. इटलीतल्या बारी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये ३० कुत्र्यांची शेपटी मोजून पाहिली. मालक दिसला की ती उजवीकडे जास्त झुकायची, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. रस्त्यात उभं राहून कुणी हे मोजावं असं मी म्हणत नाही. पण एवढं ध्यानात ठेवावं की शेपूट हलली म्हणजे आत काहीतरी चाललं आहे. ती कमरेसकट सैल हलते आहे की उंच ताठ धरून नुसती टोकाला थरथरते आहे, हे बघायला यंत्र लागत नाही. कुत्रं रडलं की अपशकुन म्हणून दगड मारणारे लोकही आहेत. छावणीत बिगुल वाजला की आमच्या मागच्या गल्लीतली चार कुत्री माना वर करून लांबलचक सूर लावतात. सेकंदाला वीस हजार आवर्तनांपुढे आपला कान थांबतो, त्यांचा चाळीस हजारांपुढेही जातो. कुणाचं मरण ओढवलेलं नसतं, त्यांना फक्त बिगुल ऐकू आलेला असतो.

खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे, दत्ताच्या भोवती चार आहेत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नको म्हणून, ही गोष्ट माझ्या आजीने मला घास भरवताना सांगितली आहे. त्या गोष्टीत नामदेवांनी कुत्रा चोर आहे की नाही ते पाहिलं नाही. त्याला काय हवं असेल ते पाहिलं. इतका जुना, इतका जवळचा धडा आपल्याकडे असताना आपण कुत्र्याकडे बघायचंच विसरलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यावर एक रास्त आक्षेप मला माहीत आहे आणि तो मी टाळणार नाही. माणसं मरत असताना कुत्र्यांच्या मनाचं काय घेऊन बसलात? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी १८ ते २० हजार माणसं रेबीजने दगावतात आणि त्यांत पंधरा वर्षांखालच्या मुलांचा वाटा मोठा आहे. ज्या आईचं मूल गेलं तिला मी कुत्र्याच्या जांभईचा अर्थ सांगायला जाणार नाही. लसीकरण हवं, नसबंदी हवी, पिसाळल्याचा संशय असलेलं जनावर तात्काळ वेगळं हवं. पण मुलांना जपायचं असेल तरीही कुत्रं वाचता यायला हवं. ताठ झालेल्या कुत्र्याजवळून धावायचं नाही, जेवणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, मागून मिठी मारायची नाही, हे माझ्या भाचीला कुणीतरी शिकवायला हवं होतं. त्या घरात मोठी मी होते.

शिवाय आता हे वाचणं कायद्याच्याही कामाचं झालं आहे. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांविषयीचा आपला आधीचा आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जागच्या जागी सोडायची, रेबीज झालेली किंवा त्याचा संशय असलेली आणि आक्रमक वागणारी मात्र सोडायची नाहीत. आक्रमक कोण, हे ठरवणार कोण? जाळ्यात पकडलेलं, अनोळखी पिंजऱ्यात कोंबलेलं कुत्रं दात दाखवणारच. ती भीती आहे की हल्ल्याची सवय, हे ओळखणारा डोळा कुत्री पकडणाऱ्या गाडीवर नसेल तर भित्रं कुत्रं जन्मठेपेला जाईल आणि खरंच धोक्याचं असलेलं, गप्प उभं राहिलेलं, पुन्हा गल्लीत सोडलं जाईल.

हा डोळा शिक्षणाने किंवा पैशाने येतो असंही नाही. कोलकात्याच्या 'आयसर'मध्ये अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी कितीतरी वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. २०२० मध्ये त्यांनी दाखवलं की कुणी कधी न शिकवलेली रस्त्यावरची कुत्री, जवळ यायला धजावली तर, बहुतेकदा अनोळखी माणसाने दाखवलेल्या बोटाच्या दिशेने जातात. ती आपल्याला इतकं वाचतात. सदर बाजारातल्या चहावाल्यापुढे बसणारी कुत्री चहावाल्याचा मूड माझ्यापेक्षा चांगला ओळखतात. आणि तोही त्यांचा ओळखतो. परवा एका कुत्रीकडे बोट दाखवून म्हणाला, "इसको आज मत छेड़िए, कल से खाया नहीं है." त्याने मापं घेतली नव्हती, रोज पाहत होता.

बघण्यासारखं खूप आहे आणि ते सगळं फुकट आहे. झोपलेल्या कुत्र्याच्या छातीचा भाता मिनिटभर मोजावा. विसावलेला निरोगी कुत्रा तीसच्या आत श्वास घेतो. सावलीत बसूनही धाप लागत असेल तर काहीतरी चुकतं आहे, आणि जूनमध्ये लखनौचा पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा तर ते मिनिटांचं काम असतं. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तळव्यांना येतो तेवढाच. धापेवरच त्याचा सगळा भार, आणि चपट्या नाकाच्या पगला तीही धड घेता येत नाही. खाणं पुढ्यात येताच उठतो की बघत राहतो. रोजच्या वाटेवर हुंगायला थांबतो की नुसता ओढला जातो. घरातलं कुणी आलं की उठून येतो, की पडल्या पडल्या डोळे वर करून पुन्हा मिटतो. तासन् तास झोपणं स्वाभाविक आहे, पण झोपेतून उठून अंग ताणणारा कुत्रा आणि नुसता पडून राहणारा कुत्रा एकसारखे दिसत नाहीत. पहिला उठल्यावर घर हुंगून येतो. दुसऱ्याचं तोंड भिंतीकडे असतं.

बांधून ठेवण्याविषयीही बोलायला हवं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात आखूड किंवा जड साखळीला फार वेळ बांधणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात कुत्र्याचा नाव घेऊन उल्लेख आहे: नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडू-फिरू न देणं हाही गुन्हा. पहिल्यांदा केलेल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांपूर्वी त्या रकमेला काही किंमत असेल. आज तेवढ्यात कबाबाची एक प्लेटही येत नाही. कायद्याने जे ओळखलं ते घराघरांतून ओळखलं जावं यासाठी दंडाची वाट बघण्यात अर्थ नाही.

मेजरसाहेब, गेल्या दिवाळीत फराळाचा डबा द्यायला मी तुमच्याकडे आले होते. तुमचा पिवळा लॅब्राडॉर व्हरांड्याच्या खांबाला बांधलेला होता. बाहेर फटाके वाजत होते आणि तो जागचा हलला नाही. तुम्ही कौतुकाने म्हणालात, "बघा, ढिम्म आहे." त्याच्या साखळीच्या लांबीएवढं अर्धवर्तुळ अंगणातल्या मातीत झिजून गुळगुळीत झालं होतं. कान मागे चिकटलेले होते, तोंड मिटलेलं होतं, थंडीच्या रात्री पुढ्यातल्या फरशीवर त्याच्या पंजांचे ओले ठसे उमटले होते. मी डबा ठेवेपर्यंत तो एकच गोष्ट करत होता, उजव्या पुढच्या पायाचं मनगट चाटत होता. बाकी अंग पिवळं, तेवढ्या जागचे केस लाळेने तांबूस झालेले आणि मधोमध रुपयाएवढी जागा उघडी पडलेली. तेव्हाही मी बोलले नाही.

उद्या सकाळी त्याला उजेडात आणा आणि तो पाय बघा. हात हळू न्या. गुरगुरला तर मारू नका, हात तिथेच थांबवा आणि मला फोन करा. खंड्याचे डॉक्टर रविवारीही बसतात, आपण दोघं मिळून त्याला घेऊन जाऊ.